जुन्या घराच्या मीटर-बोर्डावरून सब-डीबी घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९७० आणि १९८०च्या दशकांत, किंवा त्याही आधी, ज्या घरांचे वायरिंग झाले त्या घरांत विजेवर चालत असे ते म्हणजे काही दिवे, दोन-तीन पंखे, एक इस्त्री आणि फार तर फ्रीज. आज त्याच घरात एसी, गीझर, इंडक्शन शेगडी आणि वॉशिंग मशीन आलेले असते. मात्र मीटरशेजारच्या लाकडी फळीवरचे चिनी मातीचे किटकॅट फ्यूज तसेच असतात. अशा घरात नवी वितरण पेटी, म्हणजे सब-डीबी, बसवण्याचा विचार करणाऱ्या घरमालकांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. वायरमनच्या जागी उभे राहून काम कसे करावे हे शिकवणे हा येथे हेतू नाही. काम करून घेणाऱ्याला योग्य प्रश्न विचारता यावेत आणि मिळालेले उत्तर पारखता यावे, एवढाच आहे.

सब-डीबी म्हणजे नेमके काय, आणि ती केव्हा लावावी?

मीटरकडून आलेली वीज जेथे वेगवेगळ्या सर्किटांत वाटली जाते आणि प्रत्येक सर्किटाला स्वतःचे एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह वाहिला की आपोआप पडून वीज तोडणारा खटका, मिळते, त्या पेटीला डीबी म्हणतात. मुख्य बोर्डावरून एक स्वतंत्र जाड लाईन काढून तिच्या टोकाला जी दुसरी पेटी बसवली जाते ती सब-डीबी होय. वरचा मजला नव्याने बांधला, स्वयंपाकघर मोडून नवे केले, दोन खोल्यांत एसी बसवायचे ठरले किंवा अंगणापलीकडच्या खोलीला वीज न्यायची असली, म्हणजे हा मार्ग सोयीचा ठरतो. जुन्या फळीवर आणखी एक फ्यूज ठोकून त्यातून तीन-चार लायनी काढण्यापेक्षा तो कितीतरी सुरक्षित आहे.

मात्र घराचे सगळेच वायरिंग जीर्ण झालेले असेल, तारेवरचे आवरण बोट लावताच तडकत असेल, तर सब-डीबीवर पैसे घालण्याआधी मुख्य बोर्ड आणि जुन्या लायनी बदलणे हेच पहिले काम आहे.

सब-डीबी बसवल्यावर घराला जास्त वीज मिळते का?

मिळत नाही. सगळ्यांत अधिक गैरसमज याच बाबतीत आढळतो, म्हणून हे उत्तर सुरुवातीलाच स्पष्टपणे द्यावेसे वाटते. पाटाला नवी चारी काढल्याने धरणातले पाणी वाढत नाही, तसेच सब-डीबीमुळे विजेच्या वाटा वाढतात, पुरवठा वाढत नाही. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर, मीटर, मीटरपासून घरात आलेली लाईन आणि मेन स्विच या साखळीतील सर्वांत दुबळा दुवा जेवढा प्रवाह पेलतो, तेवढाच प्रवाह संपूर्ण घराला सुरक्षितपणे वापरता येतो.

आपल्या वीजबिलावर मंजूर भार किलोवॉटमध्ये छापलेला असतो आणि जोडणी सिंगल फेज आहे की थ्री फेज तेही दिलेले असते. नवी उपकरणे धरून होणारा भार त्या आकड्यापलीकडे जात असेल, तर महावितरणकडे किंवा मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा यांपैकी जी कंपनी आपल्याला वीज पुरवते तिच्याकडे भारवाढीचा अर्ज आधी करावा आणि पेटी नंतर घ्यावी. हा क्रम उलटा झाला, तर नवी कोरी पेटी भिंतीवर असूनही मीटरजवळची जुनी तार रोज तापत राहते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

घराचा भार कसा मोजायचा?

उपकरणावरील पट्टीवर वॉट दिलेले असतात. त्या आकड्याला २३० ने भागले की साधारण अँपिअर मिळतात. दोन किलोवॉटचा गीझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो, दोन किलोवॉटची इंडक्शन शेगडी तेवढेच घेते, आणि दीड टनाचा एसी पूर्ण भारावर सात-आठ अँपिअरच्या घरात असतो. एक अश्वशक्तीचा पाण्याचा पंप चालताना पाच अँपिअरच्या आसपास घेतो, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट प्रवाह खेचतो.

आता सर्व उपकरणांची नुसती बेरीज करून भागत नाही, कारण सगळी एकाच वेळी चालत नाहीत. पण ‘एकदम सगळे कोण लावतो’ असे म्हणून विषय सोडून देणेही तितकेच चूक आहे. घरातील सर्वांत कठीण तास कोणता ते ठरवावे. पुण्या-नाशिकच्या घरात तो बहुधा थंडीतल्या सकाळचा असतो : गीझर २००० वॉट, शेगडी २००० वॉट, इस्त्री १००० वॉट आणि मिक्सर ५०० वॉट मिळून ५५०० वॉट होतात, म्हणजे जवळपास २४ अँपिअर. नागपूर-अकोल्याच्या घरात तोच तास मे महिन्यातल्या रात्रीचा असेल, जेव्हा दोन एसी आणि फ्रीज तासन्‌तास न थांबता चालतात. यातला फरक महत्त्वाचा आहे. सकाळचा २४ अँपिअरचा भार वीस-पंचवीस मिनिटांत उतरतो आणि तारेला निवायला वेळ मिळतो. रात्रीचा १६ अँपिअरचा भार सात-आठ तास टिकतो, आणि सैल स्क्रूची परीक्षा खरी तेव्हा होते.

जुन्या बोर्डात आधी काय काय पाहून घ्यावे?

मेन बंद करून फळीचा पुढचा भाग उघडला की बरेच काही दिसते. किटकॅट बाहेर ओढला की त्याच्या पितळी पात्या पाहाव्यात. त्या काळवंडल्या असतील किंवा धारकाची चिनी माती तपकिरी पडली असेल, तर तेथे वर्षानुवर्षे सैल स्पर्शामुळे उष्णता होत आली आहे. मग त्यातील फ्यूजची तार पाहावी. पाच अँपिअरसाठी कथिल चढवलेल्या तांब्याची ०.२ मिलिमीटर जाडीची आणि पंधरा अँपिअरसाठी ०.५ मिलिमीटर जाडीची तार योग्य असते. प्रत्यक्षात मात्र अनेक घरांत वायरीच्या तुकड्यातील चार-पाच तांब्याचे तंतू पिळून घातलेले आढळतात. असा फ्यूज कधीच उडत नाही, आणि ‘आमचा फ्यूज दहा वर्षांत गेला नाही’ असे जेथे कौतुकाने सांगितले जाते तेथे हा तुकडा आवर्जून शोधावा.

योग्य तार घातलेला किटकॅटसुद्धा आपल्या रेटिंगच्या जवळपास दुप्पट प्रवाह काही काळ वाहू देतो. याउलट एमसीबी रेटिंगच्या १.४५ पट प्रवाहाला तासाभराच्या आत पडलेच पाहिजे, असा त्याच्या मानकाचा दंडक आहे. जुन्या लायनीत भार वाढत असताना हा फरक केवळ कागदावरचा राहत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे न्यूट्रलमधील फ्यूज. जुन्या लोखंडी मेन स्विचमध्ये आणि काही फळ्यांवर फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) अशा दोन्ही तारांवर फ्यूज बसवलेले असत. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा विझतो, पंखा थांबतो आणि वीज गेली असे वाटते, पण होल्डरपर्यंत फेज जिवंत असतो. त्या समजुतीने तारेला हात घालणाऱ्याच्या जिवाशी गाठ असते. सब-डीबीचे काम निघालेच आहे तर न्यूट्रलचा फ्यूज काढून तेथे घट्ट लिंक, म्हणजे न उडणारी सरळ धातूची जोडणी, बसवून घ्यावी; सिंगल फेज घरात मेन स्विचच्या जागी दोन्ही तारा एकाच वेळी तोडणारे डबल पोल एमसीबी बसवून घेणे सर्वांत उत्तम.

तिसरी गोष्ट तारांच्या आवरणाची. लाकडी पट्टीवर ठोकलेल्या रबरी आवरणाच्या तारा अजूनही काही वाड्यांत आणि चाळींत आहेत. ते रबर उष्णतेने कडक होऊन गळून पडते. अशा तारांना नवे टोक काढण्यासाठी वाकवणे म्हणजे उरलेले आवरणही सोलून काढणे होय. त्या लायनी नव्या पेटीत आणू नयेत. त्या बंद करून नव्याने ओढाव्यात.

किटकॅटच्या फळीवरूनच सब-डीबीची लाईन घेतली तर चालेल का?

फ्यूजच्या खालच्या टोकात आधीच एक तार आहे, त्यातच दुसरी कोंबून स्क्रू आवळायचा, ही पद्धत फार रूढ आहे आणि ती थांबली पाहिजे. दोन वेगवेगळ्या जाडीच्या तारा एका स्क्रूखाली सारख्या दाबल्या जात नाहीत. बारीक तार सैल राहते, तापते, आणखी सैल होते.

सब-डीबीची लाईन मेन स्विचनंतर स्वतंत्र डबल पोल एमसीबीमधून निघाली पाहिजे, आणि हे एमसीबी त्या लाईनच्या तारेचे रक्षण करील अशा रेटिंगचे असले पाहिजे. शक्य असेल तर लाकडी फळी काढून तेथे धातूची छोटी मुख्य पेटी बसवावी आणि तीतूनच एक वाट जुन्या सर्किटांना व दुसरी सब-डीबीला द्यावी. मुख्य बाजूला किटकॅट आणि पुढे एमसीबी अशी रचना ठेवली, तर सब-डीबीतील एखाद्या मोठ्या दोषाने मुख्य फ्यूजही उडतो आणि सगळे घर अंधारात जाते.

मेनपासून सब-डीबीपर्यंत तार किती जाडीची घ्यावी?

येथे तीन गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात : प्रवाह, तापमान आणि अंतर. पाईपमधून नेलेल्या, पीव्हीसी आवरणाच्या ६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेची क्षमता ३० अंश तापमानाला साधारण ४१ अँपिअर धरतात. भोवतालची हवा ४० अंशांवर गेली की तीच तार ३५-३६ अँपिअरच पेलते, आणि ५० अंशांना २९ अँपिअरवर येते. विदर्भात पत्र्याच्या किंवा गच्चीलगतच्या छताखालून गेलेल्या पाईपमध्ये ५० अंश ही अतिशयोक्ती नाही. म्हणून ३२ अँपिअरच्या एमसीबीपुढे ६ चौरस मिलिमीटरची तार कोकणात निभावेल, पण विदर्भ-मराठवाड्यात १० चौरस मिलिमीटर घ्यावी असे माझे मत आहे. तारेतील भावाचा फरक एकदाच सोसावा लागतो. भिंत फोडून ती पुन्हा बदलणे फार महाग पडते.

आता अंतर. मुंबईतील जुन्या इमारतींत मीटर तळमजल्यावरच्या मीटर-खोलीत आणि घर तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असते. समजा मीटरपासून घरातील पेटीपर्यंत ३० मीटर अंतर आहे आणि तार ४ चौरस मिलिमीटरची आहे. या तारेचा रोध किलोमीटरला ४.६१ ओहम असतो. फेज आणि न्यूट्रल मिळून ६० मीटरचा रोध ०.२८ ओहमच्या जवळ जातो. त्यातून २५ अँपिअर वाहिले तर सुमारे सात व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि १७० वॉटहून अधिक उष्णता त्या तारेत निर्माण होते, तीही आपल्याच मीटरमधून मोजलेली. तीच लाईन १० चौरस मिलिमीटरची केली तर घट पावणेतीन व्होल्टांवर येते.

पुढील सर्किटांसाठी दिव्यांना १.५, सोळा अँपिअरच्या पॉवर पॉइंटला २.५ आणि एसी किंवा मोठ्या गीझरला ४ चौरस मिलिमीटर ही आता सर्वत्र रुळलेली मापे आहेत. तारेवर आयएस ६९४ हे मानक आणि आयएसआय चिन्ह छापलेले आहे ना, ते गुंडाळी उघडण्यापूर्वी आपण स्वतः पाहावे.

घरातील जुन्या तारा ॲल्युमिनियमच्या आहेत. त्यांना तांब्याच्या तारा जोडता येतील का?

नुसत्या पिळून आणि टेप गुंडाळून जोडता येणार नाहीत. ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तो वीजवाहक नसतो. शिवाय तो धातू स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतो, त्यामुळे आज घट्ट असलेला जोड काही वर्षांत सैल होतो. दमट हवेत तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना थेट लागले तर गंजही लवकर चढतो. दोन्ही धातूंसाठी बनवलेले लग किंवा कनेक्टर वापरूनच असा जोड करावा आणि तो उघडून पाहता येईल अशा डब्यात ठेवावा, प्लास्टरखाली गाडू नये. खरे तर सब-डीबीवर फक्त नव्या तांब्याच्या लायनी घेणे आणि ॲल्युमिनियमच्या जुन्या लायनींवर दिवे-पंख्यांपुरताच भार ठेवणे हे शहाणपणाचे ठरते.

सब-डीबीमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडावेत का?

कधीही नाही. न्यूट्रल ही रोजचा प्रवाह परत नेणारी तार आहे, आणि अर्थ ही दोष निर्माण झाला तरच प्रवाह वाहावा अशी तार आहे. सब-डीबीमध्ये त्या दोन्ही एका पट्टीवर आणल्या, तर न्यूट्रलचा काही प्रवाह कायम अर्थच्या तारेतून आणि फ्रीज, गीझर, वॉशिंग मशीन यांच्या धातूच्या अंगाकडून वाहू लागतो. वाटेत न्यूट्रल कोठे तुटली तर या सर्व वस्तूंच्या अंगावर थेट वीज येते.

म्हणून पेटीत दोन वेगळ्या पट्ट्या हव्यात : पेटीपासून विलग बसवलेली न्यूट्रलची पट्टी आणि पेटीच्या धातूला जोडलेली अर्थची पट्टी. सिंगल फेज सब-डीबीला मुख्य बोर्डाकडून तीन तारा आल्या पाहिजेत, दोन नव्हे. ‘अर्थ काय, शेजारच्या पॉइंटवरून घेऊ’ असे कोणी म्हणाले तर ते मान्य करू नये.

याच ठिकाणी अर्थिंगबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे, कारण आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष त्याकडेच होते. समजा गीझरच्या आत फेजची तार सुटून त्याच्या टाकीला टेकली. आपल्या घराच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध २० ओहम आहे आणि रोहित्राकडचा (ट्रान्सफॉर्मरकडचा) २ ओहम आहे. २३० व्होल्टना २२ ओहममधून सुमारे साडेदहा अँपिअरच प्रवाह मिळतो. सोळा अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा साधा भार आहे, त्यामुळे ते पडत नाही. दरम्यान गीझरच्या अंगावर दोनशे व्होल्टांहून अधिक दाब टिकून राहतो आणि न्हाणीघरात ओल्या पायांनी उभा असलेला माणूस नळाला हात लावतो. एमसीबी आहे म्हणून शॉक लागणार नाही, हा समज किती घातक आहे ते या हिशेबावरून दिसते. अशा घरात माणूस वाचतो तो आरसीसीबीमुळे, म्हणजे गेलेला आणि परतलेला प्रवाह जुळला नाही की लगेच वीज तोडणाऱ्या खटक्यामुळे.

आमच्या घरात अर्थ पाण्याच्या नळाला जोडला आहे. तो पुरेसा नाही का?

लोखंडी नळ जमिनीखालून येत होते तोवर त्या जोडणीचा काही उपयोग होता, तरी ती तेव्हाही योग्य नव्हती. आता बहुतेक घरांत तो नळ मध्येच कापून पीव्हीसी किंवा सीपीव्हीसीचा पाईप जोडलेला असतो. वरून पाहिले तर अर्थची तार नळाला व्यवस्थित बांधलेली दिसते, पण ती जमिनीपर्यंत पोहोचतच नाही; उलट, घरातील धातूचे नळ आणि दोषी उपकरण एकमेकांना जोडले जातात.

अर्थिंगच्या आयएस ३०४३ या मानकानुसार घराला स्वतंत्र अर्थ इलेक्ट्रोड, म्हणजे जमिनीत पुरलेला धातूचा पाईप किंवा पट्टी, असावा. गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पाईप सुमारे अडीच मीटर खोल पुरून भोवती कोळसा आणि मीठ भरण्याची पद्धत आपल्या परिचयाची आहे. कोकणातील जांभ्याच्या कातळात तेवढे खोल जाता येत नाही आणि मातीचा रोधही जास्त असतो. तेथे एकाऐवजी दोन-तीन इलेक्ट्रोड अंतराने बसवून जोडावे लागतात. खड्ड्यात पाणी घालण्याचे वेळापत्रक उन्हाळ्यात पाळावे, आणि मोजमाप पावसाळ्यात नव्हे तर एप्रिल-मेमध्ये करून घ्यावे, कारण सर्वांत वाईट आकडा तेव्हाच मिळतो.

आरसीसीबी कोठे आणि किती बसवाव्यात?

माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची आरसीसीबी आगीचा धोका कमी करते, पण शॉकपासून वाचवण्यासाठी ती पुरेशी नाही. आरसीसीबी जास्त भारामुळे किंवा शॉर्ट सर्किटमुळे पडत नाही, ते काम एमसीबीचे आहे, म्हणून एकीच्या जोरावर दुसऱ्याला फाटा देता येत नाही.

परवडत असेल तर सब-डीबीमध्ये दोन आरसीसीबी घ्याव्यात : एकीवर न्हाणीघर आणि स्वयंपाकघर, दुसरीवर बाकी सगळे. गीझरमध्ये दोष आला म्हणून रात्री सगळे घर अंधारात जायला नको. एक काळजी मात्र घ्यावी. प्रत्येक आरसीसीबीची न्यूट्रल पट्टी वेगळी असली पाहिजे आणि त्या आरसीसीबीखालील सर्किटांची न्यूट्रल त्याच पट्टीवर परतली पाहिजे. मुख्य बोर्डावर आणि सब-डीबीवर दोन्हीकडे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवल्यास दोषाच्या वेळी कोणती पडेल, किंवा दोन्ही पडतील का, याचा नेम नसतो. मुख्य बाजूला आरसीसीबी घ्यायचीच असेल तर ती अधिक मिलिअँपिअरची आणि थोड्या विलंबाने पडणारी घ्यावी.

नवी आरसीसीबी सारखी पडते. ती खराब आहे का?

बहुतेक वेळा आरसीसीबी बरोबर असते आणि दोष जुन्या वायरिंगमध्ये असतो. जुन्या घरांत एका खोलीचा फेज एका सर्किटावरून आणि न्यूट्रल जवळ पडली म्हणून दुसऱ्या सर्किटावरून घेण्याची पद्धत सर्रास होती. किटकॅटला त्याने काही फरक पडत नसे. आरसीसीबीला मात्र गेलेला आणि परतलेला प्रवाह जुळत नाही असे दिसते आणि ती पडते. ओलसर भिंतीतील वायरिंग आणि जुन्या गीझरची झिजलेली कॉइल ही त्यानंतरची नेहमीची कारणे आहेत. एकेक एमसीबी बंद करून दोष शोधावा. काही वायरमन कंटाळून आरसीसीबी काढून टाकतात किंवा तिला वळसा घालून तार जोडतात. असे झाल्यास काम पूर्ण झाले असे मानू नये.

इन्व्हर्टर आहे. त्याची लाईन सब-डीबीवर कशी आणावी?

इन्व्हर्टरवर चालणाऱ्या दिवे-पंख्यांची सर्किटे पेटीतच वेगळी काढावीत, त्यांचा फेजही वेगळा आणि न्यूट्रलही वेगळी. घरभर एकच न्यूट्रल ठेवून फक्त फेज बदलला की आरसीसीबी पडू लागते, हा अनुभव फार सामान्य आहे. शिवाय त्या भागावर ‘इन्व्हर्टरची लाईन, मेन बंद असतानाही जिवंत’ असे ठळक लिहून ठेवावे. छतावर सौर पॅनल बसवले असतील तर त्यांची जोडणी आणि नेट मीटरिंग (घरातून बाहेर गेलेली वीज बिलात वळती करणारी मोजणी) वीज कंपनीच्या मंजुरीनेच होते. सब-डीबीतील रिकाम्या एमसीबीवर ती परस्पर आणू नये.

थ्री फेज घ्यावे का?

दोन-तीन एसी, पंप आणि विजेवरील मोटारीचा चार्जर असा भार असेल तर घ्यावे. स्थिर आकार सिंगल फेजपेक्षा जास्त पडतो, तो हिशेबात धरावा. थ्री फेज पेटीत भार तिन्ही फेजांवर सारखा वाटला पाहिजे, आणि न्यूट्रलच्या जोडाकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. मुख्य न्यूट्रल सुटली तर कमी भाराच्या फेजवरील उपकरणांना २३० ऐवजी ४०० व्होल्टांपर्यंत दाब मिळू शकतो आणि टीव्ही, फ्रीज एका झटक्यात जळतात.

पेटी कोठे बसवावी?

कोरड्या, उजेडाच्या, हात सहज पोहोचेल अशा जागी, डोळ्यांच्या उंचीच्या आसपास. न्हाणीघरात, सिंकच्या वर, गॅस सिलिंडरच्या कोनाड्यात किंवा कपड्यांच्या कपाटात बसवू नये. वाड्याच्या लाकडी खांबावर किंवा तक्तपोशीवर थेट न ठोकता मागे न जळणारा पत्रा किंवा सिमेंट शीट द्यावे. कोकणात पावसाचा मारा येणारी बाहेरची भिंत टाळावी; जांभा पाणी धरून ठेवतो आणि पेटीच्या मागून ओल आत शिरते. पेटी घेताना आज लागणाऱ्या वाटांपेक्षा तीन-चार वाटा अधिक असलेली घ्यावी.

हे काम घरच्या घरी करता येईल का? परवानगी लागते का?

दिवा, पंखा, फ्यूज किंवा स्विच बदलणे वेगळे. घरातील वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलणारे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षक आणि तारतंत्री यांच्या हातून झाले पाहिजे, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांचा दंडक आहे. सब-डीबी त्यात निःसंशय मोडते. ठेकेदाराचा परवाना क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये.

मीटर, त्याचे सील आणि मीटरआधीचा कटआउट (कंपनीचा फ्यूज) ही वीज कंपनीची मालमत्ता आहे. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या टोकांवर वीज असतेच. तेथे काम करायचे असेल तर कंपनीकडे अर्ज करून पुरवठा बंद करून घ्यावा. वायरमनने सील तोडून काम उरकले, तर वीज कायदा, २००३ नुसार त्याचा जाब ग्राहकाला द्यावा लागतो. सोसायटीत मीटर-खोलीपासून घरापर्यंतची लाईन बदलायची असल्यास ती सामाईक जागेतून जाते, म्हणून समितीची लेखी परवानगी आधी घ्यावी.

काम झाल्यावर कोणत्या चाचण्या करून घ्याव्यात?

वीज सुरू करण्यापूर्वी ५०० व्होल्टच्या मेगर या यंत्राने प्रत्येक सर्किटाचा आवरणरोध, म्हणजे तारांच्या आवरणातून वीज झिरपत नाही ना याचे माप, मोजून घ्यावा. तो एक मेगाओहमपेक्षा कमी असेल तर त्या सर्किटाला वीज देऊ नये. प्रत्येक सॉकेटपासून पेटीपर्यंत अर्थची तार अखंड आहे याची खात्री करावी. आपल्याकडे नुसता टेस्टर लावून ‘लाईन आली’ एवढेच पाहण्याची सवय आहे; टेस्टरला अर्थ तुटलेला कळत नाही. अर्थिंगचा रोध ओहममध्ये मोजून तो आकडा आणि तारीख लिहून घ्यावी, आणि ठेकेदाराकडून सहीचा टेस्ट रिपोर्ट घेऊन वीजबिलांच्या फाइलमध्ये ठेवावा.

सात-आठ दिवस पूर्ण भार चालल्यानंतर ठेकेदाराला पुन्हा बोलावून, पुरवठा बंद करून, पेटीतील सर्व स्क्रू एकदा आवळून घ्यावेत. पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला कोणते एमसीबी कशाचे हे मराठीत लिहून चिकटवावे : ‘माजघर दिवे’, ‘न्हाणीघर गीझर’, ‘वरची खोली एसी’. घरातील ज्येष्ठांना आणि मुलांना आणीबाणीत कोणता खटका खाली ओढायचा हे तेथेच वाचता आले पाहिजे. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण उत्पादकाने सांगितलेल्या अंतराने, बहुधा महिन्यातून एकदा, दाबून पाहावे; बटण दाबल्यावर ती पडली नाही तर त्याच दिवशी बदलून घ्यावी.